आई कधी बसलीच नाही

१

माझ्या ताईसारखं बोलणारं माणूस मी दुसरं बघितलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकून कुणी म्हणायला नको की हिच्या पोटात दुखतंय. माझ्या पोटात काही दुखत नाही. ताई बोलायला लागली की मी हातातली इस्त्री उभी करून ठेवते, कारण आडवी राहिली तर कुणाचा तरी शर्ट गेलाच म्हणून समजा.

लाँड्री आईची. आता मी चालवते. चौथीनंतर शाळा सोडून मी आईच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभी राहिले, ती आजतागायत तिथंच आहे. ताई शिकली. हॉस्पिटलच्या ऑफिसात साहेबीण आहे. तिथं कुणी निवृत्त झालं की भाषण ताईचंच. ज्या माणसाला सगळे वर्षभर शिव्या घालतात, त्याच्यासाठी ती सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी काढते. ही काय साधी कला आहे?

आई गेली त्याला वर्ष होत आलं होतं. ताई शनिवारी दुकानात आली आणि काउंटरवर पर्स आपटली.

"छोटे, उद्या दुकान बंद."

"का? कोण मेलं?"

"तुझं तोंड म्हणजे ना! संमेलन आहे. घराण्याच्या गोष्टींचं. लोक येतात आणि आपापल्या घरातल्या माणसांबद्दल सांगतात. मी आईची गोष्ट सांगणार आहे."

"घराणी मोठ्या लोकांची असतात. आपलं कसलं घराणं? मळक्या चादरींचं?"

"तेच सांगायचंय मला. तू नुसती ये, ऐक, आणि मधे तोंड उघडू नकोस."

मी अट घातली की मागच्या रांगेत बसणार. कंटाळा आला तर निघता आलं पाहिजे.

२

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर सभागृह होतं. जमीन जुन्या लाकडी फळ्यांची, पाऊल टाकलं की कुरकुरणारी. खुर्च्या नाटकगृहात असतात तशा, एकीला एक जोडलेल्या, स्प्रिंगच्या. बसायचं तर बैठक हातानं खाली दाबायची. माणूस उठलं की ती खट्‌कन वर. लोक येत होते, ओळखीपाळखी काढत होते, उठत होते, बसत होते. नुसतं खट् खट् खट् चाललेलं.

मी शेवटच्या रांगेत कडेची एक सोडून पुढची खुर्ची धरली. ताई माझ्या डाव्या हाताला, उजव्या हाताला एक मोकळी. तिथं मी पिशवी ठेवली. लगेच ग्रंथपालबाई आल्या. संमेलन त्यांचंच. उंच, काटकुळ्या, आवाज इतका हळू की ऐकायचं तर आपणच गप्प व्हावं लागतं.

"ही पिशवी उचलता का?"

"का? तिकीट काढलंय का हिचं कुणी?"

"ज्यांची गोष्ट सांगायची, त्यांच्यासाठी शेजारची एक खुर्ची मोकळी सोडतो आम्ही. इथली पद्धत आहे."

"अहो, पण ती तर वारली."

"हो," बाई म्हणाल्या. "म्हणूनच."

ताईनं मला कोपर मारलं. मी पिशवी मांडीवर घेतली. पण खरं सांगते, मला ती पद्धत आवडली. लग्नात, मयतीला, सगळीकडे मी बघते, गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर टांगतात आणि पुढं सगळे जेवत बसतात. इथं निदान जागा तरी धरली होती.

३

पहिला उभा राहिला एक बेकरीवाला. हात लाटण्यासारखे, मान नाहीच. मला वाटलं हा काय बोलणार! पण त्यानं त्याच्या आजोबांचं असं काही सांगितलं की मी पिशवीचा बंद चावत बसले. म्हातारपणी आजोबांची नजर गेली होती. तरी ते भट्टीच्या तोंडाशी मैद्याच्या पोत्यावर बसायचे, आणि बाहेर काढलेल्या पावाची साल कशी तडतडते ते ऐकून घाणा जमला की फसला ते सांगायचे. फसला तर पोरांना म्हणायचे, "हा गप्प पाव आहे, हा आपण खाऊ. बोलणारे गिऱ्हाइकाला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बेकरीवाला घाम पुसत जागेवर आला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याच्या शेजारच्या मोकळ्या खुर्चीची बैठक खाली आहे.

तिच्यावर कुणी नव्हतं. काही ठेवलेलंही नव्हतं.

"त्या खुर्चीची स्प्रिंग गेलेली दिसतेय," मी ताईच्या कानात म्हटलं.

"शू."

मग एक दाई आपल्या मावशीबद्दल बोलली. मग एक घड्याळं दुरुस्त करणारा आपल्या बहिणीबद्दल. दोघंही काय बोलले! शिकलेली माणसं पुस्तकातलं बोलतात, ही पोटातलं बोलत होती. आणि ती जागेवर परत यायच्या आत त्यांच्या शेजारची बैठक खाली आलेली असायची. कधी आली ते दिसायचं नाही. बघावं तेव्हा आलेलीच.

जुनं सामान आहे, मी स्वतःला सांगितलं. टाळ्यांनी फळ्या हादरतात. हादरल्यावर स्प्रिंग सैल होणारच.

चहाच्या वेळी बेकरीवाल्यानं दोन कप घेतले. एकात त्यानं साखर ढवळली, दुसऱ्यात नाही.

४

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले. मी डबा घेऊन वरच थांबले. माझ्या हातांना एक खोड आहे, काहीही वर-खाली होणारं दिसलं की ते करून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मी एक रिकामी खुर्ची दाबली, सोडली. खट्. दुसरी दाबली, सोडली. खट्. स्प्रिंगा चांगल्या ठणठणीत होत्या.

मग मी बेकरीवाल्याच्या शेजारच्या बैठकीखाली हात घातला आणि वर ढकललं.

गंजून अडकलेली वस्तू असेल तर ती हलतच नाही. ही हलली. जराशी वर आली आणि मग माझा हात खाली दाबत परत गेली. झोपलेल्या माणसाच्या अंगाखालून चादर ओढताना होतं ना, अगदी तसं. आणि लाकूड कोमट होतं. माझं सगळं आयुष्य उष्णतेत गेलंय, मला ऊब कळते. ही उन्हाची नव्हती. कुणी नुकतंच उठून आपल्याला जागा दिली की खुर्चीला असते, ती ऊब. फक्त इथं कुणी उठलं नव्हतं.

मी हात काढून घेतला आणि म्हणाले, "माफ करा हं."

कुणाला म्हणाले? मान वर केली तर दारात ग्रंथपालबाई उभ्या. त्यांनी नुसती मान हलवली. आपलं मूल पाहुण्यांशी नीट वागलं की आई जशी हलवते, तशी.

डबा मी तसाच बंद केला. ताईला सांगावं असं मनात आलं. पण ती जिन्यात भिंतीकडे तोंड करून ओठ हलवत उभी होती, मनातल्या मनात म्हणून बघत होती. तिचा तो चेहरा बघून मी तशीच मागं फिरले.

५

जेवणानंतर पहिली ताई.

तिनं हातात कागदसुद्धा घेतला नव्हता. उभी राहिली, चष्मा सारखा केला, आणि सभागृहात एक माणूस खोकला नाही.

"सकाळी मी शाळेला निघायचे," ताई म्हणाली, "तेव्हा आई टेबलापाशी उभी असायची. संध्याकाळी परत यायचे, आई उभी. तिला ताप असायचा, ती उभी. माझा निकाल लागला तेव्हा मी पेढा भरवावा तसा तो कागद तिच्या तोंडापुढं धरला, तिनं उभ्यानंच बघितला आणि इस्त्री फिरवत राहिली. मी म्हणायचे, आई, बस ना जरा. ती म्हणायची, असू दे गं, अशीच बरी. मला ऑफिसात पहिल्यांदा खुर्ची मिळाली, गादीची, गोल फिरणारी. तिच्यावर बसले आणि मला रडू आलं. कारण ती खुर्ची कुणाच्या पायांवर उभी आहे ते मला माहीत होतं. आमची आई आयुष्यात कधी बसलीच नाही."

बेकरीवाला ढसाढसा रडत होता. मी रडत होते. ताई जे सांगते ते सगळं तसं नव्हतं हे मला माहीत होतं, तरी रडत होते. त्याला म्हणतात सांगणं.

मग मला आठवण झाली आणि मी उजवीकडे बघितलं.

बैठक वरच होती. टाळ्या थांबल्या, ताईनं नमस्कार केला, तरी वरच. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, बघ, उगाच स्वतःला घाबरवत होतीस.

तेवढ्यात माझ्या पाठीमागची फळी कुरकुरली.

आम्ही शेवटच्या रांगेत होतो. मागं नुसती मोकळी जागा आणि भिंत. फळी एकदा डावीकडे वाजली. थांबली. मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे, आणि डावीकडे जरा जास्त वेळ.

दिवसभर उभ्यानं काम करणारं माणूस असं करतं. एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतं. मी करते. आई करायची. तिच्या उजव्या पायाच्या शिरा सुजलेल्या होत्या, म्हणून ती डाव्यावर जास्त वेळ काढायची.

कुणीतरी उशिरा आलेलं उभं असेल, मी म्हटलं. मान वळवायचा धीर होईना, म्हणून मी पिशवी खाली पाडली आणि ती उचलायला वाकून खुर्चीखालून मागं बघितलं. पाय नव्हते. भिंतीपर्यंत नुसत्या फळ्या. त्यांतली एक खाली दबली होती. माझ्या डोळ्यांदेखत ती वर आली आणि तिच्या शेजारची दबली.

ओल्या कापडावर तापलेली इस्त्री ठेवली की येतो, तो वास आला.

६

भीती वाटली का? वाटली, खोटं कशाला बोलू! पण भीतीपेक्षा राग मोठा होता. आयुष्यभर पाय झिजवले, आणि मेल्यावरसुद्धा उभी? समोर खुर्ची आहे, हिच्या नावानं धरलेली आहे, आणि ताईच्या गोड बोलण्यापायी हिला बसता येऊ नये?

मी उठले. माझी खुर्ची खट्‌कन वर गेली. सगळे वळले.

"मला बोलायचंय."

"छोटे, नको," ताई समोरून म्हणाली.

"मला ताईसारखं बोलता येत नाही," मी म्हटलं. "पण माझी आई बसायची. चांगली ऐसपैस बसायची. टेबलामागं साबणाचं लाकडी खोकं आहे, त्याच्यावर, पाय पसरून. कुणाच्या चादरीला कसला डाग आहे ते बघून त्याच्या घरात काय चाललंय ते सांगायची आणि स्वतःच खिदळायची. मला टवळे म्हणायची. मी कॉलर जाळली की बसल्या जागेवरून हँगर फेकून मारायची. नेम पक्का होता बाईचा."

कुणीतरी हसलं. मी ताईकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. शंभर माणसांत मी तिला खोटं पाडलं असं तिला वाटत होतं.

"ताई खोटं बोललेली नाही," मी म्हटलं. "तिला दिसलंच नाही. कोपऱ्यावर ताईच्या बुटांचा आवाज आला की आई ताडकन उठायची. 'ऊठ गं टवळे, आपली शिकलेली आली,' असं म्हणायची, केस सारखे करायची, इस्त्री हातात घ्यायची. तिचा तो मानच होता. साहेब आला तरी आई उठली नसती. ताईसाठी उठायची. ताईसमोर ती कधीच बसली नाही, हे खरं आहे. पण माझ्यासमोर बसायची."

पाठीमागची फळी वाजायची थांबली.

माझ्या शेजारच्या खुर्चीची स्प्रिंग कण्हली. बैठक हळूहळू, दमलेल्या माणसानं गुडघ्यावर हात टेकून बसावं तशी, खाली आली.

मी बघितलं. ताईनंही समोरून बघितलं. तिच्या तोंडाचा आ तसाच राहिला.

संमेलन संपलं तेव्हा ती माझ्याजवळ आली. बसली नाही, खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

"माझ्यासाठी उठायची?"

"हो."

"रोज?"

"रोज."

बाहेर पडताना मी बघितलं, प्रत्येकजण दार जरा जास्त वेळ धरत होता, आपल्यामागून कुणी यायचं असावं तसं. मीही धरलं. का धरलं ते विचारू नका.

७

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, इस्त्री तापत ठेवली, आणि माझ्यामागं साबणाचं खोकं करकरलं. तेव्हापासून ते रोज करकरतं. आधी माझ्या अंगावर काटा यायचा. मग सवय झाली. मग बरं वाटायला लागलं. मी कामाला वाकले की मागं कुणीतरी टेकलेलं आहे हे कळतं, आणि हात सरळ चालतो. एखाद्या चादरीचा डाग बघून मी काहीबाही बोलले की खोक्याच्या फळ्या थरथरतात. म्हणजे ती खिदळतेय.

ताई ऑफिस सुटल्यावर रोज यायला लागली. ती कोपऱ्यावर असतानाच खोकं मोठ्यांदा करकरायचं, आणि मग फरशीवर चपला घासल्याचा आवाज. एकदा डावी, एकदा उजवी. ताई दारात यायची आणि विचारायची, "उठली ना?"

"उठली."

"तिला सांग, बस म्हणावं."

"तूच सांग की. शिकलेली तू."

ताई सांगायची. किती परीनं सांगायची! दगडाला पाझर फुटावा असं बोलायची. चपला घासतच राहायच्या.

"मला तिला एकदा बसलेली बघायचंय, छोटे," ती म्हणायची. "एकदाच. मग मी येणार नाही त्रास द्यायला."

आणि त्याच आशेनं ती आणखी थांबायची. ती जितकी थांबायची तितका वेळ आई उभी. एके दिवशी चपलांचा आवाज इतका ओढल्यासारखा यायला लागला की माझं डोकं फिरलं. ताई गेली, खोकं करकरलं, आणि मी वळून त्या रिकाम्या खोक्याला दम दिला, आई मला द्यायची तसाच.

"ती परकी आहे का? उद्या आली की उठायचं नाही. बस म्हणजे बस. ऐकू येतंय का टवळे?"



८

दुसऱ्या दिवशी ताई भर दुपारी आली. समोरूनच, पण बूट हातात धरून. मी मोठी चादर पसरली होती, मला पत्ताच नाही. खोकंही वाजलं नाही. सहज मान वर केली तर ताई दारात उभी, नजर माझ्या पलीकडे, खोक्याकडे.

मी खोक्याकडे बघितलं नाही. मला त्याची गरज नव्हती, आणि हिंमतही नव्हती. मी ताईकडे बघत होते. तिच्या चष्म्याच्या दोन काचांत दुकान दिसत होतं, बारीक बारीक. पांढरी चादर, त्यामागं मी, माझ्यामागं खोकं. खोक्यावर पाय पसरून कुणीतरी बसलं होतं, आणि मान वर करून ताईकडे बघत होतं.

मग ताईच्या श्वासानं काचा धुरकटल्या.

"उठली नाही गं," ताई म्हणाली. लहान पोरीसारखा आवाज. "माझ्याकडे बघितलं. पण उठली नाही."

"बरं झालं. बसू दे तिला. तू पण बस."

मी तिच्यापुढं स्टूल सरकवलं. ती बसली नाही.

त्याला आता बरेच दिवस झाले. भावोजी परवा येऊन गेले, काळजीत होते. म्हणाले, ऑफिसातली तिची गोल फिरणारी खुर्ची तिनं बाहेर काढायला लावलीय. घरी जेवायलाही बसत नाही, ओट्यापाशी उभ्यानं खाते. डॉक्टरला दाखवावं का? मी काय सांगणार! म्हटलं, दाखवा.

ती संध्याकाळी दुकानात येते, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहते आणि दुसरी इस्त्री हातात घेते. जन्मात कधी घेतली नव्हती. आणि काय इस्त्री करते ताई! कॉलर अशी काढते की बघत राहावं. मला इतक्या वर्षांत नाही जमली तशी. अशी कॉलर मी फक्त एकाच बाईच्या हातची बघितलीय.

मी दुसरं खोकं आणलंय. चांगलं भक्कम आहे, वर उशी शिवून घातलीय. पहिल्याच्या शेजारी ठेवलंय. रोज तिला म्हणते, "ताई, बस ना जरा."

ती डाव्या पायावर भार घेते. मग उजव्या. मग डाव्या, जरा जास्त वेळ.

"असू दे गं," ती म्हणते. "अशीच बरी."